गाडी निघायच्या आत

तोंडात सहा टाचण्या होत्या म्हणून मला नुसतं ‘हं’ म्हणता आलं. गिऱ्हाईक लाकडी स्टुलावर उभं होतं, पँटचा एक पाय दुमडून टाचून झालेला, दुसरा जमिनीवर लोळत होता, आणि मी गुडघ्यांवर बसून खडूने खूण करत होते. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. पलीकडे भावोजी होते. नऊ वर्षांत त्यांचा आवाज मी तीनदा ऐकला असेल. तिन्ही वेळा कुणीतरी गेल्याचं नाहीतर कुणाचं तरी लग्न ठरल्याचं सांगायला, आणि तिन्ही वेळा ताईचा विषय शिताफीने टाळून. आज पहिल्याच वाक्यात ती आली. म्हणाले, तुझ्या ताईला पहाटेपासून छातीत धडधडतंय, थांबतच नाही, हातपाय गार पडलेत. इथल्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो आमच्याकडे सोय नाही, शहरात न्या. दवाखान्याची गाडी सांगितली आहे, ती दुसरीकडे गेलीय, तासाभरात येईल. तुमच्या तिथल्या मोठ्या इस्पितळात आणतोय. आणि मग जरा थांबून, घसा साफ करून, दारात उभी राहशील का, असं त्यांनी विचारलं. मी एकेक टाचणी तोंडातून काढून मनगटावरच्या गादीत खोचली आणि म्हणाले, राहते की. राहते म्हणजे काय, निघालेच.

मी घाबरले, हे खरं आहे. पण घाबरण्याच्या आधी, अगदी निमिषभर आधी, मला आनंद झाला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आणि सांगायची वेळ आली तेव्हाही नीट सांगता आलं नाही. शाळेची सहल ठरली की पोटात जे व्हायचं, घशापर्यंत चढत यायचं आणि मग रात्रभर झोपू द्यायचं नाही, ते. ताई येतेय. माझ्याकडे येतेय. माझ्या शहरात, माझ्या रस्त्यांवरून, आणि तिला इथे माझ्याशिवाय कुणीही नाही. मी दुकानाच्या मागच्या भागात, जिथे आमच्या मालकीण, मोठ्या बाई, बिलं तपासत बसतात, तिथे गेले आणि म्हणाले, मला आत्ता जावं लागेल, ताई येतेय. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, त्यांचाही चेहरा खुलला आणि त्यांनी विचारलं, अरे वा, किती दिवस राहणार आहेत? तेव्हा मला कळलं की माझा चेहरा कसा दिसतोय. मी तो आवरला, ती आजारी आहे असं सांगितलं, तर मोठ्या बाई ओशाळल्या. जणू चूक त्यांची होती.

रस्त्यावर आले तर ऊन लख्ख पडलं होतं आणि सगळं फार स्वच्छ दिसत होतं, दुकानांच्या पाट्या, सिग्नलवरचे आकडे, एका खिडकीत वाळत घातलेला मोजा. साडेतीन तासांचा रस्ता, शिवाय गाडी यायला तासभर. वेळ होता. मी घरी गेले आणि खिडकीजवळचा पलंग ओढून भिंतीला लावला, कारण ताईला डोक्याशी वारा चालत नाही. शिलाईचं मशीन ढकलत बाहेरच्या खोलीत नेलं. उशीचा अभ्रा बदलला, मग बदललेला अभ्रा नाकाला लावून पाहिला, पेटीतला वास येत होता म्हणून पुन्हा बदलला. आणि मी गुणगुणत होते. आपली सख्खी बहीण तीन डोंगर ओलांडून गाडीत आडवी होऊन यायची आहे, आणि आपण गुणगुणतो आहोत. मी गुणगुणणं बंद केलं. दोन मिनिटांनी पाहते तर पुन्हा सुरू. पेशंट आधी इस्पितळात जाईल, तिथे चार दिवस, आठ दिवस, कोण जाणे किती राहील, आणि मी आत्ताच तिच्यासाठी पलंग लावत होते! पण नऊ वर्षांत असं काही करायला मला कधी कारणच मिळालं नव्हतं. कारण लागतंच. कुणीतरी मरावं लागतं नाहीतर मरता मरता वाचावं लागतं, तेव्हा कुठे आपली माणसं एकमेकांच्या दारात उभी राहतात.

नऊ वर्षांपूर्वीही मी दारातच उभी होते. त्याच इस्पितळाच्या, त्याच दारात. आईला छातीत जड वाटत होतं. ती ताईकडे राहायची, आयुष्यभर ताईकडेच राहिली, मी शहरात शिवणकाम शिकायला आले ती इथलीच झाले. त्या वेळी तिथल्या दवाखान्यात चार खाटा, एक पंखा आणि एक डॉक्टर होता. तो नाडी बघायचा आणि चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी’ असं लिहून द्यायचा. पुढे म्हणजे इथे. कुणाच्या घशात काटा अडकला तरी इथे, कुणी झाडावरून पडलं तरी इथे. मी दर दहा मिनिटांनी फोन करत होते. आणा, लगेच आणा, तिथे ठेवून काय करणार आहात. ताई म्हणत होती, आत्ता जरा डोळा लागलाय तिचा, हलवलं तर त्रास होईल, सकाळपर्यंत बघू. मी म्हणाले, तू बघत बसशील आणि ती मरेल. असं म्हणाले मी. ताईने फोन ठेवला आणि आईला गाडीत घातलं. गाडी आली तेव्हा मी चाकांची खुर्ची घेऊन धावले. मागचं दार उघडून ताई आधी उतरली. साडीचा पदर तिने कमरेला खोचलेला होता. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, घाई करू नकोस आता. चौथ्या दिवशी, तिच्या घरी, माणसं पांगल्यावर, भांडी पुसता पुसता तिने बाकीचं सांगितलं: तू बोलावलंस म्हणून ती रस्त्यात गेली, मी पाठवली नसती. मी माझी पिशवी भरली. त्या रस्त्याने मी पुन्हा गेले नाही आणि त्या रस्त्याने ती आली नाही.

इस्पितळात पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. अपघात विभागाच्या बाजूला एक खिडकी आहे, बाहेरगावाहून येणाऱ्या पेशंटांची नोंद तिथे होते. आत बसलेल्या माणसाला तिथले वॉर्डबॉय बदलीसाहेब म्हणत होते, कारण दिवसभर त्याचं काम एकच, या दवाखान्यातून त्या दवाखान्यात कुणाची बदली झाली ते लिहायचं. मी ताईचं नाव सांगितलं. त्याने वहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, आहे, पण पुढे प्रश्नचिन्ह आहे. मी विचारलं, प्रश्नचिन्ह म्हणजे काय? म्हणजे येतीलच असं नाही, तो म्हणाला. मी खिडकीची कड धरली. ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो घाईघाईने म्हणाला, तसं नव्हे हो बाई, वाईट काही नाही, पडद्यावर आहेत त्या. मग त्याने समजावून सांगितलं, कौतुकाने, जणू हे सगळं त्यानेच उभं केलं होतं. दीड वर्षापासून डोंगरापलीकडच्या सगळ्या लहान दवाखान्यांत कॅमेरा आणि पडदा बसवलाय. आधी पाठवायचे आणि मग बघायचे. आता आधी दाखवतात. इथला डॉक्टर इथे बसून तिथला पेशंट बघतो, तिथल्या डॉक्टरला सांगतो काय कर, काय करू नको, आणि मग ठरतं, गाडीत घालायचं का नाही. पूर्वी दिवसाला पंधरा-अठरा गाड्या यायच्या. निम्मी माणसं संध्याकाळी पायी बाहेर पडायची, उगाच आलो म्हणत. आणि काही, असं म्हणून त्याने वही मिटली, बोट मात्र आत तसंच ठेवलं. आता सहा, फार तर सात, तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. त्याचा, त्या पडद्याचा, त्या सहा-सात गाड्यांचा. खरं तर देवाचे आभार मानावेत असं तो सांगत होता, आणि माझ्या मनात आलं, म्हणजे ती येणार नाही की काय? सगळं तयार आहे, पलंग भिंतीला लावलाय, आणि कुणीतरी तिला तिथल्या तिथे बरी करून टाकणार. मी बाकावर बसले आणि स्वतःच्या मनाकडे पाहिलं, भिंतीवर चढणाऱ्या पालीकडे पाहावं तसं. अंगात काहीतरी उसळत होतं आणि ते भीतीचं नव्हतं. किंवा भीतीचंही होतं, पण दोन रंगांचे दोरे एकाच सुईत ओवावेत तसं. कुठला कुठे ते टाका घातल्यावर कळत नाही. इतक्यात आतून एक नर्स आली आणि मोठ्याने विचारलं, डोंगरापलीकडून धडधडीचा पेशंट आहे, त्यांची बहीण कोण? मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

ती खोली पूर्वी कपड्यांची असावी. भिंतीवरच्या फळ्यांवर अजून ‘चादरी’, ‘उशा – मोठ्या’ अशा चिठ्ठ्या होत्या. टेबलावर तीन पडदे. समोर एक डॉक्टरीण, माझ्यापेक्षा बरीच लहान, सर्दीने नाक लाल झालेलं, चपला काढून एक पाय खुर्चीवर घेऊन बसलेली. तिने मला हाताने बाजूला उभं राहायला सांगितलं, कॅमेऱ्यात येणार नाही असं. आणि मधल्या मोठ्या पडद्यावर ताई होती.

तिचे केस पांढरे झाले होते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं मी जिच्याशी मनात भांडत होते, ती काळ्या केसांची होती. खाटेवर अर्धवट बसलेली, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, मानेची शीर लांबूनही उडताना दिसत होती. शेजारी एक तरुण डॉक्टर, अंगातला पांढरा कोट खांद्यांवर मोठा होणारा. मी असते तर दोन्हीकडून बोटभर आत घेतला असता. दाराशी भावोजी. त्यांच्या मागे, उघड्या दारातून, गाडीची पांढरी बाजू दिसत होती आणि तिचं मागचं दार उघडं होतं. बाजूच्या लहान पडद्यावर ताईच्या काळजाची रेघ धावत होती, मशीनची टीप बारीक लावली की पडते तशी, एकाला एक चिकटून, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. वर आकडा होता दोनशे बारा.

डॉक्टरीणबाईंनी मला थोडक्यात सांगितलं. हा झटका नाही. काळजातली वीज एका आडवाटेला लागलीय आणि गोल गोल फिरतेय. ती थांबवता येते, तिथल्या तिथे, मी सांगेन तसं ते डॉक्टर करतील. गाडीत साडेतीन तास हे असंच चालू राहिलं, तर रक्तदाब आणखी खाली येईल, आणि रस्त्यात कुणाला काही करता यायचं नाही. पण तुमचे भावोजी ऐकत नाहीत. भावोजी पडद्याकडे बघून, एखाद्या साहेबासमोर उभं राहावं तसे हात जोडून म्हणत होते, मॅडम, तुम्ही म्हणता ते बरोबरच असेल, पण तुम्ही तिथे आहात. इथल्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय की त्यांनी हे कधी केलेलं नाही. गाडी सुरू आहे. मग एकदम म्हणाले, तिची बहीण तिथे आलीय, तिला विचारा. ती म्हणेल तसं करू.

मला त्यांचं मन कळलं. त्यांनाही नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवत होता. काही झालं तर दोष त्यांना स्वतःच्या नावावर नको होता, आणि त्यात चूक काय? माणसाने एकदा एका माणसाला घरच्यांच्या वाक्याखाली चिरडलेलं पाहिलं की तो त्या जागी स्वतः उभा राहत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, बाई विचार करतेय. मी विचार करतच नव्हते. आणा, हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, तयार, गरम, गेल्या वेळचाच. आणा तिला. मी दारात उभी राहीन, चाकांची खुर्ची घेऊन धावेन, या वेळी ती जिवंत उतरेल, मी तिचा हात धरीन, आठवड्याने तिला माझ्याकडे घेऊन जाईन आणि मग ती म्हणेल की बरं झालं बोलावलंस. मला तिच्या तोंडून ते वाक्य हवं होतं. एवढंच हवं होतं मला, नऊ वर्षं. आणि मला हेही स्वच्छ दिसलं की हे वाक्य मिळावं म्हणून मी तिला त्याच रस्त्यावर घालायला निघालेय.

“थांबा,” मी म्हणाले. “नका आणू.”

आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. पडद्यावर ताईने मान वळवली. तिला मी दिसत नव्हते. आवाज जिथून आला त्या भिंतीवरच्या डबीकडे ती बघत होती. मुखवटा तिने हाताने बाजूला केला.

“बारके?” ती म्हणाली.

“हो.”

“तू आत काय करतेस? आत सोडतात होय तुम्हाला?”

दोनशे बारा ठोके पडत असताना तिने हे विचारलं. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बोलणं पुरे, फुंकायचंय. त्यांनी तिथल्या डॉक्टरला रिकामी सिरिंज द्यायला सांगितली. सिरिंजच्या टोकातून ताईने असं फुंकायचं की आतला दट्ट्या हलला पाहिजे, पंधरा सेकंद, आणि मग तिला झटकन आडवी करून पाय वर उचलायचे. एवढ्याने कधी कधी वीज वाटेवर येते. डॉक्टरीणबाई मोजू लागल्या, आणि मी त्यांना म्हणाले, मी मोजू का? लहानपणी नदीच्या डोहात ताई श्वास कोंडून खाली जायची आणि मी काठावर बसून मोजायची. साठ झाले की मी रडायला लागायची, आणि ती सत्तरला वर यायची, दात काढत, केसांतून पाणी निथळत, जगातली सर्वांत मोठी व्यक्ती. मी मोजलं. एक, दोन, तीन. ताईचे गाल फुगले, डोळे त्या डबीवर. पंधरा. तिला आडवी केली, भावोजींनी आणि डॉक्टरने एकेक पाय उचलला. रेघ तशीच. दोनशे दहा, दोनशे चौदा. पुन्हा एकदा केलं. पुन्हा मोजलं. तशीच. मला वाटलं होतं माझ्या मोजण्याने होईल. किती बालिश वाटलं होतं मला, आणि किती खात्रीने.

रक्तदाब ऐंशीवर आला. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवरचा पाय खाली घेतला, चपला शोधल्या आणि घातल्या. मला ते पाहून पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. तिथला डॉक्टर कपाटातून ते घेऊन आला, कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं, आणि म्हणाला, मॅडम, मी हे कधी दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, मीही कधीतरी पहिल्यांदाच दिलं होतं, आणि माझ्या बाजूला कुणी नव्हतं, तुमच्या बाजूला मी आहे. सुई त्या दंडातल्या नळीत, औषध एका दमात, त्याच्या मागे लगेच सलाईनचं पाणी, आणि हात वर उचलून धरा. मग ताईला म्हणाल्या, आजी, आता छातीवर कुणी बसलंय असं वाटेल, सगळं संपलं असं वाटेल. संपणार नाही. ताई म्हणाली, आजी कोणाला म्हणतेस ग? आणि मग मला, हळू आवाजात, पडद्याकडे बघतच त्या म्हणाल्या, रेघ दोन-चार सेकंद सरळ होईल, घाबरू नका.

मी ऐकलं. मला शब्द कळले. आणि तरी, डॉक्टरने दट्ट्या दाबला, ताईने डोळे विस्फारून छातीवर हात नेला, आणि ती बारीक टीप एकदम उसवल्यासारखी संपून पुढे नुसता दोरा राहिला, सरळ, लांब, तेव्हा माझ्या आत सगळं बोलून झालं होतं. पहिल्या सेकंदाला मला कळलं की मी हे केलं. दुसऱ्या सेकंदाला कळलं की या वेळी वाक्य बोलायला ती उरणार नाही, ते मलाच रोज बोलावं लागेल: तू आणू नको म्हणालीस म्हणून ती तिथे गेली. बोलावलं तरी गेली, नाही बोलावलं तरी गेली. मग माझ्या तोंडातून निघालेल्या शब्दाचा त्यांच्या जगण्याशी काही संबंध तरी होता का, का नऊ वर्षं मी स्वतःला उगाच एवढी मोठी समजले? आणि तिसऱ्या सेकंदाला, हे मी कसं सांगू, काहीच नव्हतं, एक मोकळी जागा होती, त्यात मी आई होते, ताई होते आणि मी होते, आणि कुणाचाच दोष नव्हता. चौथ्याला रेघ उडाली. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक. मग एक, एक, एक, प्रत्येकामागे ऐसपैस जागा, जणू कुणी सैल हाताने धावदोरा घालत चाललंय. आकडा अठ्ठ्याऐंशी.

“गेलं,” ताई म्हणाली. “गेलं ते.” आणि मोठा श्वास घेतला.

तो तरुण डॉक्टर सलाईनच्या खोक्यावर बसला आणि हसायला लागला, नुसता हसत राहिला. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर थाप मारली आणि लगेच शिंकल्या. भावोजी गाडीकडे तोंड करून उभे राहिले; त्यांचे खांदे हलत होते. मग पडद्यातून कसली तरी घरघर एकदम बंद झाली, आणि ती बंद झाल्यावर मला कळलं की ती आतापर्यंत चालू होती. चालकाने गाडीचं इंजिन बंद केलं होतं.

आज रात्री तिथेच ठेवू, सकाळी पुन्हा कार्डिओग्राम काढून सोडू, महिन्याने सावकाश इथे तपासायला यावं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी हलले नाही. मी त्यांना आईचं विचारलं. वय, कसं दुखत होतं, किती वेळ, जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं, आणि विचारलं, तिलाही हेच झालं असेल का? त्यांनी नाक पुसलं, कागद आहेत का विचारलं. नाहीत म्हटल्यावर मान हलवली. मग नाही सांगता येणार, त्या म्हणाल्या. आणि समजा हेच असतं, तरी त्या दिवशी तिथे हे कुणाला करता आलं नसतं, तुम्ही ठेवलं असतंत तरी आणि आणलं असतंत तरी. सांत्वन करायचं म्हणून त्या बोलत नव्हत्या. त्यांचं लक्ष पुढच्या पडद्याकडे गेलंही होतं, तिथे कुणाचा तरी भाजलेला हात दिसत होता. म्हणूनच मला ते पटलं.

बाहेर बदलीसाहेबाने वहीतल्या ताईच्या नावावर आडवी रेघ मारली होती आणि तो पेनचं टोपण लावत होता. नावावरची रेघ बघून मला आनंद व्हावा, अशी वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली. पण पायऱ्या उतरताना सकाळचा तो आनंद पुन्हा आला, आणि त्याला आता जायला जागा नव्हती. ती येणार नव्हती. घरी पलंग भिंतीला लावलेला होता आणि मशीन बाहेरच्या खोलीत. मी डावीकडे वळले तर घर. पाय उजवीकडे वळले. बसस्थानकावर डोंगराकडे जाणारी गाडी सुटायच्या बेतात होती. मी धावले. पन्नाशीला टेकलेली बाई, गळ्यात टेप तसाच लोंबकळतोय, मनगटावर टाचण्यांची गादी, हात हलवत बसमागे धावतेय. कंडक्टरने मला दंडाला धरून वर ओढून घेतलं आणि म्हणाला, मावशी, एवढं काय पेटलंय? मी म्हणाले, काही नाही, बहिणीकडे जायचंय.

त्या रस्त्याने मी नऊ वर्षांनी जात होते. वळणं मोजायची नाहीत असं ठरवलं होतं. आई कुठल्या वळणावर गेली ते फक्त ताईला माहीत होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. पण मोजायची वेळच आली नाही. खिडकीतून वारा येत होता, समोरच्या बाईच्या मांडीवरचं मूल माझा टेप ओढत होतं, आणि मला सतत वाटत होतं की बस फार हळू चाललीय. एकदा समोरून पांढरी गाडी आली, वर दिवा बंद, आत कुणी नाही, चालक एका हाताने शेंगा सोलत खात चाललेला. तीच असेल असं काही नव्हतं. मी मात्र मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

साडेपाचला पोचले. दवाखान्यात आता बारा खाटा आहेत. ताई कोपऱ्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या बाईला पडद्याची गोष्ट सांगत होती, तिच्या पद्धतीने, तिखटमीठ लावून. मला बघून थांबली. शेजारच्या बाईने समजून कूस बदलली. मी उभीच राहिले. ताईने माझ्या मनगटाकडे पाहिलं, गळ्यातल्या टेपाकडे पाहिलं, मग पाय आखडून घेऊन खाटेवर जागा केली. मी बसले. आम्ही दोघी तिच्या बोटाला लावलेल्या चिमट्यातला लाल उजेड बघत होतो.

मग ती बोलली, माझ्याकडे न बघता. आई त्या दिवशी गाडीत खूश होती, ती म्हणाली. दुखत होतं, पण खूश होती. दोनदा विचारलं तिने मला, बारकीकडे किती दिवस राहायचं ग? मी म्हटलं, बरं वाटलं की लगेच परत. तर म्हणाली, लगेच कशाला? “सगळं आयुष्य माझ्याकडे काढलं,” ताई म्हणाली, “आणि जाता जाता डोळ्यांत पाणी आलं ते तुझ्याकडे जायच्या आनंदाने. मला ते गिळवलं नाही. म्हणून तुला ते सांगितलं नाही. दुसरंच सांगितलं.”

आई गाडीत आडवी पडून किती दिवस राहायचं ते ठरवतेय, हे मला दिसत होतं, आणि ते इतकं तिचं होतं, इतकं हुबेहूब, की मला ते जरा वेळ नुसतं बघत राहायचं होतं.

“आज दारात गाडी आली ना,” ताई म्हणाली आणि थांबली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी खोटं पकडलं गेलं की व्हायच्या तशा. “जीव जातोय की राहतोय कळत नव्हतं, आणि मनात काय, तर बारकीकडे जायचं. लाज वाटली ग मला.”

“मी पलंग लावून आलेय,” मी म्हणाले.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. हसली, मग छातीवर हात ठेवून, हसू आवरत, काळजाचा अंदाज घेत हसली.

“बरं झालं, नाही बोलावलंस ते,” ती म्हणाली.

“नाही बोलावलं.”

“हं.” तिने चादर नीट केली, माझ्या गुडघ्यावरून थोडी ओढून घातली. “मग आता आजारी नसताना यायचं म्हणजे... किती मजले चढायचे तुझ्याकडे?”

“चार. लिफ्ट नाही.”

ताईने डोळे मिटले आणि मनातल्या मनात ते चार मजले चढून पाहिले. तिच्या ओठांवरून मला दिसत होतं, ती पायऱ्या मोजत होती.

“दुसऱ्यावर जरा थांबू दे मला,” ती म्हणाली. “मग येते.”